बीपीच्या गोळ्या जास्त गेल्या, सासरे आयसीयूत आहेत, शुगर नसताना इन्सुलिन का चालू आहे?

वारज्याची_मंजिरी

नमस्कार मंडळी, इथे कुणी डॉक्टर, सिस्टर किंवा यातून गेलेलं असेल तर प्लीज उत्तर द्या. आयसीयूच्या बाहेर बसून टाइप करतेय त्यामुळे थोडं मागेपुढे होईल.

माझे सासरे, आम्ही अण्णा म्हणतो, वय ७४. बीपीची गोळी खूप वर्षांपासून चालू आहे, अम्लोडिपिन आणि अ‍ॅटेनोलॉल एकत्र असलेली. अलीकडे विसरायला लागलेत, जेवण झालं का हेसुद्धा कधीकधी परत विचारतात. सासूबाई नणंदेकडे गेल्या होत्या, आम्ही दोघं ऑफिसात, आणि अण्णांनी गोळी घेतली की नाही हे न आठवून ती परत परत घेतली असं दिसतंय. संध्याकाळी हे घरी आले तर अण्णा खुर्चीत घामाघूम, हाक मारली की ओ द्यायचे आणि लगेच डोळे मिटायचे, हातपाय गार. घरच्या मशीनवर बीपी येईचना, नुसती एरर. १०८ ला फोन केला, ते आले, त्यांनी पल्स बघितली तर ३८. जवळच्या हॉस्पिटलात नेलं, तिथून लगेच आयसीयूत.

आता ते व्हेंटिलेटरवर आहेत. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ भेटतात, नीट बोलतात, माझी त्यांच्याबद्दल काही तक्रार नाही, पण त्या पाच मिनिटांत डोक्यात काही शिरतच नाही आणि बाहेर आल्यावर प्रश्न सुचतात.

अण्णांना डायबेटिस नाही, कधीच नव्हता. तरी त्यांना इन्सुलिन चालू आहे आणि तेही खूप जास्त, आणि सोबत ग्लुकोजपण चालू आहे. आमचे एक चुलत दीर म्हणतात शुगर नसलेल्या माणसाला इन्सुलिन देतातच कसं, लेखी मागा. दुसरं, पोट का नाही धुतलं? आमच्या गावी इंदापूरकडे कुणी फवारणीचं औषध प्यायलं की आधी पोटच धुतात. तिसरं, किडनीचे डॉक्टर येऊन म्हणाले डायलिसिस लागू शकतं, आणि ड्युटीवरचे दुसरे डॉक्टर म्हणाले अम्लोडिपिन डायलिसिसने निघत नाही, मग खरं कोणाचं? यावर थेट उतारा म्हणून काही इंजेक्शन नसतं का? आणि पोलिसांना का कळवलं, अण्णांनी मुद्दाम घेतलेलं नाही हो, एक हवालदार येऊन जबाब घेऊन गेले तेव्हापासून सासूबाई नुसत्या रडतायत.

इंटेन्सिव्हिस्ट_पुणे

मंजिरीताई, मी पुण्यातच आयसीयूत काम करतो, तुमच्या हॉस्पिटलात नाही, त्यामुळे अण्णांची फाइल माझ्यासमोर नाही हे धरून वाचा. पण तुम्ही जे लिहिलंय ते ऐकून मला बरं वाटलं, कारण हे सगळं बरोबर चाललेल्या ट्रीटमेंटसारखं दिसतंय.

आधी इन्सुलिन. अम्लोडिपिन हे कॅल्शियम चॅनल ब्लॉकर आहे, म्हणजे पेशीत कॅल्शियम जायचा रस्ता बंद करतं. रोजच्या डोसला त्याने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बीपी खाली येतं, तेच आपल्याला हवं असतं. खूप जास्त गेलं की वाहिन्या इतक्या सैल पडतात की बीपी टिकतच नाही, आणि हृदयाचं आकुंचनही कमजोर होतं. त्यात अ‍ॅटेनोलॉल आहे, ते ठोके कमी करतं, म्हणून पल्स ३८. दोन औषधं दोन बाजूंनी एकाच माणसाला खाली ओढतायत, आणि अशा जोडगोळीच्या केसेस एकट्या औषधापेक्षा अवघड जातात.

आता स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटायलाही कॅल्शियमच लागतं. ते अडलं की शरीराचं स्वतःचं इन्सुलिन कमी पडतं, आणि नेमकं त्याच वेळी शॉकमधलं हृदय आपलं नेहमीचं इंधन, म्हणजे चरबी, सोडून ग्लुकोज मागत असतं. म्हणजे ज्याची गरज आहे तेच आत जात नाही. म्हणून बाहेरून भरपूर इन्सुलिन देतात, हृदयाच्या स्नायूला ग्लुकोज मिळतं आणि पंपिंग सुधारतं. डायबेटिस वाढून सिरियस झालेल्या पेशंटला तासाला दर किलो वजनामागे साधारण ०.१ युनिट देतात, इथे १ युनिटपासून सुरुवात करून गरज पडली तर १० पर्यंत नेतात. आकडा ऐकून कुणीही दचकेल, आमचे नवीन रेसिडेंटसुद्धा पहिल्यांदा ऑर्डर दोनदा वाचतात. शुगर पडू नये म्हणून ग्लुकोज सोबत चालू ठेवायचं, आणि इन्सुलिनमुळे पोटॅशियम पेशीत ओढलं जातं म्हणून तेही सारखं तपासायचं. तुमच्या दिरांना सांगा की ही ट्रीटमेंट जगभर मान्य आहे आणि इथे इन्सुलिन शुगरसाठी नसून हृदयासाठी आहे. एक गोष्ट अजून, याचा परिणाम लगेच दिसत नाही, अर्धा-पाऊण तास जातो, तोपर्यंत नॉरअ‍ॅड्रेनलिन या बीपी वाढवणाऱ्या औषधावर पेशंटला धरून ठेवावं लागतं.

उताऱ्याबद्दल. एका इंजेक्शनने सगळं उलटं फिरेल असं या औषधांसाठी काही नाही. कॅल्शियम शिरेतून देतात, थोडा उपयोग होतो, पुष्कळदा पुरत नाही. ठोक्यांसाठी अ‍ॅट्रोपिन देऊन बघतात, मोठ्या विषबाधेत ते बहुतेक वेळा हरतं. अ‍ॅटेनोलॉलसाठी ग्लुकागॉन आहे, पण ते खूप जास्त लागतं आणि एवढा साठा सगळीकडे नसतो. तात्पुरता पेसमेकर आहे. काहीच चाललं नाही तर लिपिड इमल्शन, म्हणजे शिरेतून द्यायचं चरबीचं द्रावण, आणि शेवटी एक्मो, म्हणजे मशीन काही काळ हृदयाचं काम करतं आणि तेवढ्यात औषध शरीरातून उतरतं. या सगळ्यात मूळ गोष्ट तीच, माणसाला धरून ठेवायचं आणि वेळ काढायचा. औषध कधी ना कधी उतरतंच. अम्लोडिपिनचा रक्तातला अंश निम्मा व्हायलाच ३० ते ५० तास लागतात, वय जास्त असेल तर अजून. म्हणून आज सुधारणा नाही म्हणजे ट्रीटमेंट चुकतेय असं समजू नका, हे हळूच होतं.

डायलिसिसबद्दल दोघंही डॉक्टर खरं बोलतायत. अम्लोडिपिन रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि बाकीचं सगळं शरीरभर मांसपेशींत पसरलेलं, त्यामुळे रक्त धुऊन ते काढणं म्हणजे घरभर सांडलेलं पीठ सोडून फक्त पोळपाट पुसण्यासारखं आहे. अ‍ॅटेनोलॉलचं मात्र तसं नाही. ते प्रथिनांना फारसं चिकटत नाही, पाण्यात विरघळतं आणि लघवीतून जातं. किडनी चांगली असेल तर स्वतःच निघतं, पण बीपी पडल्यामुळे किडनीला मार बसला आणि लघवी कमी झाली तर ते आतच साठून राहतं, आणि तेव्हा डायलिसिसचा खरा उपयोग होतो. किडनीचे डॉक्टर बहुतेक त्याच्यावरच डोळा ठेवून आहेत. उद्या विचारा की गेल्या २४ तासांत लघवी किती झाली आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करतेय ते दाखवणारा रक्तातला आकडा, किती आहे, या दोन उत्तरांवरून तुम्हाला बरंच कळेल.

पोट धुण्याबद्दल, आपल्याकडे शेतीची औषधं पोटात गेलेल्या केसेस बघून लोकांच्या मनात बसलंय की विषबाधा म्हणजे पोट धुणं. गोळ्यांच्या बाबतीत सरसकट पोट धुवू नये असं विषतज्ज्ञांच्या संघटना १९९७ पासून सांगतायत. गोळ्या आतड्यात पुढे सरकलेल्या असतात, नळी घालताना पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसात हा धोका फार मोठा. अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल देतात, तोही साधारण पहिल्या तासात, गोळी हळूहळू सुटणारी असेल तर नंतरही देतात. अण्णांनी दिवसभरात कधी घेतल्या हेच माहीत नाही, म्हणून डॉक्टरांनी त्यात वेळ न घालवता बीपी धरलं, ते योग्य केलं.

सिस्टर_नाईटड्युटी

मंजिरीताई, सरांनी औषधांचं सांगितलंच आहे, मी बेडजवळ काय चालतं ते सांगते म्हणजे आत गेल्यावर घाबरायला होणार नाही. मी बरीच वर्षं आयसीयूत आहे आणि नातेवाइकांचा चेहरा पडतो तो बहुतेक वेळा मशीन बघून, पेशंट बघून नाही.

अण्णांच्या मनगटात एक बारीक नळी असेल, तिला आम्ही आर्ट लाइन म्हणतो. तिच्यावरून बीपी सेकंदा-सेकंदाला दिसतं, म्हणून पट्टा सारखा फुगवायला लागत नाही आणि तपासणीचं रक्तपण तिथूनच निघतं, त्यांना दरवेळी टोचत नाही. मानेजवळ जाड लाइन असेल, सेंट्रल लाइन. नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि घट्ट ग्लुकोज तिथूनच जातं कारण हातातल्या बारीक शिरेला ते सोसत नाही. बेडच्या बाजूला एकावर एक पंप लावलेले दिसतील, मधूनच एखादा वाजायला लागतो, तेव्हा शंभरातल्या नव्वद वेळा सिरिंज संपत आलेली असते किंवा हात वाकलेला असतो. आम्ही पळत गेलो म्हणजे काही वाईट झालंय असं नाही.

इन्सुलिन असं चालू असताना सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटांनी शुगर बघावी लागते, नंतर अर्ध्या तासाने, मग तासाने. एवढ्या डोसला एका पेशंटला एक सिस्टर पूर्ण वेळ लागते, कारण झोपवून ठेवलेल्या माणसाची शुगर पडली तर तो सांगू शकत नाही, घाम आला, थरथरला तरच कळणार, तेही नेहमी नाही. म्हणून तुम्ही काचेतून बघाल तेव्हा सिस्टर काहीतरी टोचताना किंवा लिहितानाच दिसेल.

बोटं थोडी निळसर गार दिसली तर विचारा पण घाबरू नका, बीपी वाढवणाऱ्या औषधाने तसं होऊ शकतं, आम्ही ते बघतच असतो. चेहरा सुजलेला दिसेल, इतकं पाणी गेलेलं असतं. यात पाणी जास्त झालं तर फुप्फुसात साठतं म्हणून सलाइन मोजूनमापून असतं, त्यामुळे आणखी सलाइन लावा असं कृपया म्हणू नका, हे आम्हाला रोज ऐकावं लागतं.

आणि तुम्ही एक काम करा. अण्णांचा चष्मा, कानाचं मशीन असेल तर ते, नाव लिहिलेल्या डबीत घालून सिस्टरकडे द्या. झोपेचं औषध कमी केलं की या वयाची माणसं हमखास भांबावतात, कुठे आहोत कळत नाही, नळ्या ओढतात, घरच्यांना ओळखत नाहीत, आणि आधीपासून विसरभोळेपणा असेल तर जास्तच. चष्मा असला, घड्याळ दिसलं, ओळखीचा आवाज कानावर पडला की फरक पडतो. भेटायला गेलात की हात धरून साधं बोला, आज वार कोणता, पाऊस पडतोय का, सासूबाई बाहेर बसल्यात. व्हेंटिलेटरवरचा माणूस ऐकू शकतो असंच धरून चालायचं. रडायचं असेल तर बाहेर येऊन मोकळं रडा, त्यात काही लाज नाही, आम्ही पाणी देतो.

वारज्याची_मंजिरी

सर आणि सिस्टर, तुमचं दोघांचं लिहिलेलं मी बाहेरच्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. दीर गप्प झाले. लघवीचं विचारलं, म्हणाले कमी होती पण आता सुधारतेय, डायलिसिस सध्या थांबवलंय. चष्मा यांनी घरून आणलाय.

धनकवडी_सचिन

मंजिरीताई, अण्णा बरे होवोत. तुमच्या प्रश्नाच्या थोडं बाहेरचं लिहितोय पण वाचणाऱ्या कुणालातरी उपयोग होईल. माझ्या भावाला पॅरासिटामॉलने असंच झालं होतं, तेही दाढदुखीतून. दाढेसाठी एक गोळी, अंग दुखतं म्हणून दुसऱ्या नावाची, सर्दीसाठी तिसऱ्याच नावाची, आणि तिन्हीत पॅरासिटामॉल आहे हे घरात कुणाच्या ध्यानीमनी नाही. यात वाईट हे की अण्णांसारखं लगेच बीपी पडत नाही. माणूस पहिल्या दिवशी चांगला दिसतो, थोडी मळमळ, एखादी उलटी, तुम्हाला वाटतं ॲसिडिटी झाली. लिव्हरचा खरा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतो. भावाचं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला किती मार बसलाय ते दाखवणारा रक्तातला आकडा, हजारांत गेलं होतं आणि तो कॉटवर बसून मॅच बघत होता, मला पटेचना की याला काही झालंय.

याच्यावर मात्र उतारा आहे, एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन, सलाइनमधून देतात. डॉक्टरांनी सांगितलं की एकाच वेळी जास्त गोळ्या गेल्या असतील तर पहिल्या आठ तासांत हे सुरू झालं की लिव्हर जवळजवळ नक्की वाचतं, उशीर झाला तरी देतातच कारण तरीही फायदा असतो. रक्तातली पॅरासिटामॉलची पातळी चार तासांनंतरच बघतात, त्याआधीची पातळी फसवी येते. भावाच्या केसमध्ये गोळ्या बरेच दिवस थोड्याथोड्या गेल्या होत्या त्यामुळे किती तासांनी किती पातळी हे जुळवून बघायचा डॉक्टरांचा तक्ता लागू नव्हता, त्यांनी लिव्हरच्या रिपोर्टवरूनच ठरवलं. त्याला ट्रान्सप्लांटची तयारी असलेल्या हॉस्पिटलात हलवलं होतं, पण औषधावरच लिव्हर सावरलं. रक्त पातळ होण्याचा आकडा, आयएनआर, रोज दोनदा बघायचे आणि आम्ही सगळे त्या एका आकड्यावर जगत होतो.

म्हणून सांगतो, घरात कुणी जास्त गोळ्या घेतल्या असं कळलं आणि माणूस ठणठणीत दिसतोय तरी न्याच. बघू सकाळी असं करू नका. आणि मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, आमच्या शेजारच्या काकू पाजायला निघाल्या होत्या, डॉक्टर म्हणाले त्याने रक्तातलं सोडियम भलतंच वाढू शकतं आणि उलटी फुप्फुसात जाते ते वेगळंच.

कॅज्युअल्टी_सीएमओ

पोलिसांच्या मुद्द्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, मी कॅज्युअल्टीत असतो आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, मीच करतो.

ताई, विषबाधा म्हटलं, मग ती चुकून असो, मुद्दाम असो की कुणी दिलेली असो, आम्हाला मेडिको लीगल केस नोंदवून पोलिसांना कळवावंच लागतं. त्यात अण्णांवर किंवा तुमच्यावर आरोप असं काही नसतं. हवालदार येतात, कोण घरी होतं, गोळ्या कुठे ठेवलेल्या होत्या, कधी लक्षात आलं एवढं विचारतात, जसं घडलं तसं सांगायचं, सजवायचं नाही आणि लपवायचंही नाही. ती नोंद पुढे इन्शुरन्सवाल्यांनाही लागते, तिची प्रत मागून ठेवा. सासूबाईंना सांगा, ससूनला तर कॅज्युअल्टीत दिवसभर अशा नोंदी चालू असतात, अपघाताच्या, भाजल्याच्या, पडल्याच्यासुद्धा.

आणि कागद आधी, ट्रीटमेंट नंतर, असं कुठल्याही हॉस्पिटलला करता येत नाही. १९८९ मध्ये परमानंद कटारा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की आधी जीव वाचवायचा, कायद्याच्या बाबी नंतर, आणि हे सरकारी-खाजगी सगळ्या डॉक्टरांना लागू आहे. कुणी पोलीस आल्याशिवाय हात लावत नाही म्हटलं तर हे त्यांना सांगा.

अजून एक, हे मी इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय. बऱ्याच घरांत मुद्दाम घेतलेल्या गोळ्या चुकून घेतल्या म्हणून सांगतात, का तर पोलीस, सोयरे, सोसायटी. आणि मग किती घेतल्या, कधी घेतल्या, बरोबर दुसरं काय होतं, हे सगळंच खोटं सांगावं लागतं आणि आम्ही अंधारात उपचार करतो. याने माणसं जातात, मी बघितलंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असंच धरलं जातं, तिला शिक्षा नाही, उलट उपचार आणि पुनर्वसन देणं सरकारचं काम आहे. तेव्हा डॉक्टरांना खरं सांगा, एकट्यात सांगा, पण सांगा. घरात कुणी निराश आहे, जगणं नको म्हणतंय असं वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

मंजिरीताई, अण्णा शुद्धीवर आले की मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्याशी एकदा बोलतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. म्हातारी माणसं मनातलं घरी बोलत नाहीत, आणि विसरभोळेपणा कितपत वाढलाय हेपण त्याच भेटीत नीट तपासलं जाईल.

औंध_फार्मसी

मी मेडिकल चालवतो. माझा अंदाज सांगतो, अण्णांच्या गोळ्या कापलेल्या पट्टीत होत्या का? आमच्याकडे दहाची पट्टी नको, पाचच द्या म्हणतात, कात्रीने कापून दिली की नाव एका तुकड्यावर, एक्सपायरी दुसऱ्यावर. मग घरी त्या सगळ्या एका स्टीलच्या डब्यात. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात कोणती गोळी, तर नातेवाईक म्हणतात पांढरी, छोटी. पांढरी छोटी गोळी म्हणजे बीपीचीही असते, थायरॉइडचीही, झोपेचीही. तेव्हा काहीही झालं तर घरातला औषधांचा डबा जसाच्या तसा, रिकाम्या पट्ट्या कचऱ्यातून काढून, बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं पिशवीत घालून घेऊन जा. पट्टीवर नाव एकच मोठं दिसतं पण खाली बारीक अक्षरांत त्यातली दोन-तीन औषधं लिहिलेली असतात, डॉक्टरांना तीच बारीक अक्षरं हवी असतात. अम्लोडिपिनच्या जोडीला अ‍ॅटेनोलॉल आहे की दुसरं काही, यावर किती फरक पडतो ते वर सरांनी सांगितलंच आहे.

दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, १९९५ पासून. टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७, रात्रीसुद्धा उचलतात, घरचे लोकही विचारू शकतात आणि डॉक्टरही. फोन करण्यात हॉस्पिटलला जायला मात्र उशीर करू नका, एकाने गाडी काढावी, दुसऱ्याने फोन लावावा. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी आजी-आजोबांचा डबा उंचावर ठेवा, बीपीची, शुगरची एखादी गोळीसुद्धा लहान मुलाला आयसीयूत नेऊ शकते, आणि रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या तर मुलांना चॉकलेटच वाटतात.

वारज्याची_मंजिरी

होय दादा, अगदी कापलेल्या पट्ट्याच होत्या, आणि डबापण स्टीलचाच. ह्यांनी निघताना तो डबाच उचलून आणला होता म्हणून गोळी लगेच ओळखता आली असं डॉक्टर म्हणाले.

अपडेट देते. नॉरअ‍ॅड्रेनलिन निम्म्यावर आलंय. पल्स ५८. सकाळी झोपेचं औषध थोडं कमी केलं तेव्हा यांनी हाक मारल्यावर अण्णांनी यांचा हात दाबला. बिलाचं मात्र टेन्शन आलंय, आयसीयूचा रोजचा आकडा बघून पोटात गोळा येतो. मेडिक्लेम आहे पण तीन लाखांचाच. आणि सरांना एक विचारायचंय, इन्सुलिन आता कमी करणार म्हणाले, तर मग आम्ही काय बघायचं?

रुग्णसेवा_ताई

मंजिरी, मी हॉस्पिटलमध्ये समाजसेवा विभागात काम केलंय. बिल शेवटी बघू असं करू नकोस, रोजचं अंतरिम बिल मागायचं. हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल तर १० टक्के बेड अगदी गरीब पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के आर्थिक दुर्बलांसाठी सवलतीत ठेवणं त्यांना बंधनकारक आहे, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेट, बसत असाल तर त्याच दिवशी अर्ज दे. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता फक्त पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांसाठी राहिली नाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पण हॉस्पिटल योजनेत असलं पाहिजे आणि उपचार त्यांच्या यादीत बसले पाहिजेत, ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या माणसाच्या, टेबलावर विचार. डिस्चार्जनंतर यातलं काही होत नाही, म्हणून आजच जा.

इंटेन्सिव्हिस्ट_पुणे

हात दाबला हे वाचून खूप आनंद झाला मंजिरीताई. अशा केसमध्ये मेंदू ठीक आहे हे कळणं मोठी गोष्ट असते, कारण बीपी किती वेळ पडलेलं होतं हे घरच्यांनाही माहीत नसतं आणि आम्हालाही.

साधारण क्रम असा असतो की आधी बीपी वाढवणारी औषधं उतरवतात, ती झेपली की इन्सुलिन तासातासाने कमी करतात. आता लक्षात ठेवायची गोष्ट ही की इन्सुलिन बंद झालं म्हणून ग्लुकोज लगेच बंद करत नाहीत. इतकं इन्सुलिन शरीरात साठलेलं असतं की बंद केल्यावर एक दिवस, कधी त्याहूनही जास्त, शुगर खाली जात राहते. आणि जे पोटॅशियम पेशीत गेलेलं होतं ते परत रक्तात यायला लागतं, किडनी अजून पूर्ण सावरलेली नसेल तर ते वाढूही शकतं. म्हणून वॉर्डात हलवायची घाई करू नका, आयसीयूतला एखादा दिवस जास्त लागला तर लागू द्या, बिलाची काळजी कळते तरीही सांगतो. वॉर्डात गेल्यावर रात्री अण्णांना घाम सुटला, बरळायला लागले, उठवून उठत नाहीत असं दिसलं तर झोपलेत असं न समजता सिस्टरला लगेच शुगर बघायला सांगा.

घरी सोडताना बीपीची कोणतीच गोळी जुन्या चिठ्ठीवरून परत सुरू करू नका. नवीन डोस, कधीपासून, आणि कोण देणार, हे तिन्ही डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. गोळ्या अण्णांच्या हाताशी न ठेवता सासूबाईंनी किंवा तुमच्यापैकी कुणी रोज द्यायच्या. आणि डिस्चार्जनंतर आठवड्याभरात क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचं रक्त परत द्या, रिपोर्ट इथे टाकायचा असेल तर नाव झाकून टाका, मी बघतो.